तात्पुरती आइस रिंक भाड्याने घ्यायचीय? आधी स्वतः स्केट्स घालून दोनदा पडून या

आधीच कबूल करते, मी पहिल्यांदा रिंक ठरवली तेव्हा आयुष्यात एकदाही स्केट्स पायात घातले नव्हते. कार्यक्रमाची जबाबदारी अंगावर पडली, कोणीतरी म्हणालं यंदा आइस रिंक, म्हणजे ब्लेडवाले बूट घालून घसरायचं बर्फाचं मैदान, करूया, आणि मी तंबू-खुर्च्यांचं कोटेशन मागवतात तसं रिंकचं मागवलं. मग काय व्हायचं तेच झालं. बूट बदलायची बाकडी ठेवली बर्फापासून तीस पावलं लांब, मधे सगळी उघडी फरशी, आणि लोक ब्लेडवर टकटक करत, एकमेकांचे दंड धरत ती तीस पावलं चालत आले. पहिल्याच दिवशी भाड्याच्या निम्म्या ब्लेडांची धार गेली आणि एक बाई बर्फापर्यंत पोचायच्या आधी फरशीवरच आपटल्या. ज्याने एकदा स्केट्स घालून चार पावलं टाकलीत त्याच्या हातून हे होणारच नाही. म्हणून रिंक कशी ठरवायची आणि तिच्यावर उभं कसं राहायचं हे दोन्ही मी इथे एकत्रच लिहितेय, कारण दुसरं थोडंफार आल्याशिवाय पहिल्यात काय विचारायचं तेच कळत नाही.

तर पहिली पायरी म्हणजे कुठेही चालू रिंक असेल तर तिकीट काढून एक सेशन करून या. स्केटिंग नाही जमलं तरी चालेल, कठडा धरून उभे राहा आणि बघत राहा. बाकडी कुठे आहेत, स्केट्सवर चालायची रबरी मॅट कुठून कुठपर्यंत अंथरलीय, स्केट्सच्या काउंटरवर गर्दी नेमकी कधी होते, चाळीस मिनिटांनी बर्फाची काय अवस्था होते. फोनवर माहिती काढून यातलं काही समजत नाही.

खरा बर्फ की प्लास्टिक

हे आधी ठरवा, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. खऱ्या बर्फाच्या रिंकमधे खाली पाइपांच्या मॅट अंथरलेल्या असतात, त्यातून ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) मिसळलेलं पाणी शून्याखाली साधारण दहा डिग्रीला फिरत असतं, बाहेर एक मोठा चिलर ते सतत गार करत असतो आणि मॅटवर फवारलेलं पाणी गोठून वर बर्फ धरतो. प्लास्टिकची रिंक म्हणजे पॉलिथिलीनच्या जाड शीट्स एकमेकांत अडकवून केलेली जमीन. स्केट्स तेच चालतात, पण घर्षण जास्त असल्यामुळे बर्फावर एका ढकलीत जेवढं लांब जाल तेवढं तिथे जात नाही, लगेच दुसरी ढकल द्यावी लागते आणि ब्लेडची धारही लवकर जाते. पण वीज नको, पाणी नको, हॉलमधे वरच्या मजल्यावरसुद्धा टाकता येते, आणि पडलात तर कपडे ओले होत नाहीत. फक्त कडक उन्हात शीट्स फुगतात, कडेला फुगायला जागा ठेवली नसेल तर मधून उचलल्या जातात, हे लावणाऱ्याला विचारून घ्या.

बर्फाशिवायची रिंक ही आजची कल्पना नाही बरं का. १८४४ मधे लंडनमधे अशी एक चालवली होती, तिचा पृष्ठभाग डुकराची चरबी आणि क्षार यांच्या मिश्रणाचा होता. लोक थोड्याच दिवसांत वासाला कंटाळले, यात नवल नाही. पाइपांनी गोठवलेल्या खऱ्या बर्फाची रिंक जॉन गॅमजीने लंडनच्याच चेल्सी भागात १८७६ मधे उघडली, तांब्याच्या पाइपांतून ग्लिसरीनचं मिश्रण फिरवून. आज ट्रकमधून गुंडाळून येतात त्या रबरी पाइपांच्या मॅट्स म्हणजे तीच युक्ती, नुसता तांब्याचा खर्च वाचलेला.

माझं मत विचाराल तर दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम, लहान मुलं जास्त, जागा बंदिस्त, असं असेल तर प्लास्टिक बिनधास्त घ्या. आठवड्याच्या वर चालवायचीय आणि लोक तिकीट काढून येणार असतील तर खरा बर्फच घ्या, कारण एकदा खऱ्या बर्फावर घसरलेला माणूस प्लास्टिकवर पाचव्या मिनिटाला तोंड वाकडं करतो. पुढचं बरंचसं खऱ्या बर्फाबद्दल आहे, प्लास्टिकवाल्यांनी वीज-पाण्याचा भाग सोडून द्यावा.

जागा, आणि पुन्हा जागा

लोक चिलर किती मोठा हे विचारत बसतात आणि जमीन बघतच नाहीत. पाणी आपली लेव्हल सोडत नाही. समजा रिंक वीस मीटर लांब आहे आणि जमिनीला एका टोकाकडे दहा सेंटिमीटर उतार आहे, डोळ्यांना तर तो दिसतही नाही. मग वरच्या टोकाला चार सेंटिमीटर बर्फ धरायचा तर खालच्या टोकाला तो चौदा सेंटिमीटर होणार. बर्फ स्वतःच थंडी अडवतो, त्यामुळे जाड बाजूचा वरचा थर नीट गार होत नाही, तिथे भुसभुशीत राहतो, आणि पातळ बाजूला ब्लेड पाइपापर्यंत पोचायची भीती. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघतात ना, तशी नळी घेऊन चारही कोपरे आणि मधला भाग स्वतः मोजा, अर्धा तास लागतो. उतार निघालाच तर खाली लाकडी फ्रेम किंवा वाळूचा थर देऊन सपाटी करून घेतात, त्याचे पैसे वेगळे लागतात आणि ते कोटेशनमधे नसतात.

मग वजन. पाच सेंटिमीटर बर्फ म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४६ किलो, २०० चौरस मीटरच्या रिंकला नऊ टनांच्या वर. त्यात मॅट, आतलं ग्लायकॉल, कठडा आणि वर उड्या मारणारी माणसं. साध्या जमिनीला याचं काही वाटत नाही, पण गच्ची असेल, खाली पार्किंग असेल, जुनं लाकडी स्टेज असेल तर इंजिनिअरच्या सहीशिवाय पुढे जाऊ नका.

ऊन हा खरा शत्रू. हवा कितीही गार असली तरी थेट ऊन पडलं की वर पाण्याचा थर येतो, आणि ढगाळ दिवशी उबदार हवेतसुद्धा बर्फ छान टिकतो. त्यामुळे दुपारी दोन वाजता जागेवर जाऊन सावली कुठे पडते ते बघा, सकाळी जाऊन उपयोग नाही. वर मांडव घालणार असाल तर बाजू पूर्ण बंद करू नका, आतली दमट हवा छताला लागून थेंब होतात, ते खाली पडून गोठतात आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर पुरळ उठल्यासारखे उंचवटे दिसतात. आणि झाडाखाली तर अजिबात नको. मला वाटलं होतं झाडाची सावली फुकटात मिळतेय. पण वाळकं पान बर्फावर पडलं की ते ऊन शोषतं, स्वतःच्या मापाचा खड्डा वितळवून आत जाऊन बसतं, रात्री तिथेच गोठतं आणि सकाळी पहिल्या येणाऱ्याचं ब्लेड बरोबर त्यात अडकतं. दोन दिवस मी बटाटे सोलायच्या चाकूने पानं कोरून काढत होते.

वीज थ्री फेज लागते आणि चिलर रात्रंदिवस चालू राहतो, हे जागेच्या मालकाला आधी स्पष्ट सांगा, कारण त्याला वाटतं संध्याकाळी कार्यक्रम संपला की मीटर थांबला. कंपनीकडून किती किलोवॅट लागणार ते लेखी घ्या आणि तो कागद इलेक्ट्रिशियनला दाखवा. जनरेटर असेल तर रात्री तीन वाजता डिझेल कोण भरणार त्याचं नाव ठरलेलं हवं. चिलरचा घुमणारा आवाज रात्री फार लांब जातो, म्हणून त्याचं तोंड घरांच्या बाजूला नको. याशिवाय भरणीच्या पाण्याचा नळ, वितळलेलं पाणी जायला गटार आणि ट्रक आत यायला रस्ता, हे बघून घ्या.

केवढी घ्यायची, स्केट्स किती मागवायचे

ऑलिंपिकची रिंक ६० बाय ३० मीटर असते, ते डोक्यातून काढून टाका. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरची ती सुप्रसिद्ध रिंक साधारण ३७ बाय १८ मीटरचीच आहे, आणि गंमत म्हणजे १९३६ च्या नाताळात ती उघडली तेव्हा तात्पुरती म्हणूनच उघडली होती. १० बाय २० मीटर ही कामापुरती चांगली साइज आहे. भाड्याने देणारे माणसांचा आकडा फुगवून सांगतात. मी शिकाऊ माणसाला चार चौरस मीटर धरते, म्हणजे २०० चौरस मीटरवर एका वेळी पन्नास जण, त्यावर एकही नाही. शिकाऊ लोक सगळे कठड्याला चिकटलेले असतात त्यामुळे मधली जागा रिकामी दिसते आणि आपल्याला वाटतं अजून वीस सोडूया, तो मोह टाळा. रुंदी मात्र दहा मीटरपेक्षा कमी नको, वळायला जागाच राहत नाही.

स्केट्स पन्नास माणसांना पन्नास जोड पुरत नाहीत. आधीचे लोक लेस सोडत बसलेले असतात तेव्हा पुढचे पन्नास काउंटरवर उभे असतात, म्हणून निदान दीडपट हवेत. आणि सगळ्या साइजेस सारख्या संख्येने घेऊ नका, मधल्या मापांचे संपतात आणि टोकाचे तसेच पडून राहतात. अगदी लहान मुलांसाठी बुटावर बांधायचे दोन ब्लेडवाले मिळतात, ते चार-सहा जोड ठेवा. फिगर स्केट की हॉकी स्केट असं विचारलं तर भाड्याला दोन्ही चालतात, फिगर स्केटच्या पुढे दाते असतात आणि ब्लेड जरा लांब-सपाट असतं त्यामुळे उभं राहायला नवख्याला सोपं पडतं. हॉकीच्या ब्लेडची दोन्ही टोकं गोलसर असतात, मागे रेललात की पाय पुढे आणि तुम्ही मागे.

कोटेशन आलं की फोन उचला आणि कंटाळा येईपर्यंत प्रश्न विचारा. भाडं चालू दिवसांचं की लावायचे आणि काढायचे दिवसही धरून? चिलर सगळ्यात उष्ण दिवसाला पुरेल असं कोण लिहून देणार? बंद पडला तर माणूस किती तासांत येणार, रात्री येणार का? टेक्निशियन मुक्कामाला असणार की लावून निघून जाणार? रबरी मॅट, कठडा, स्केट्स, धार लावायचं मशीन, बर्फ साफ करायचं यंत्र, यातलं काय भाड्यात आणि काय वेगळं? ग्लायकॉल प्रोपिलीनवालंच आहे ना, कारण इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गळती झाली तर मुलं-कुत्री तिथेच वावरणार. पावसाने बंद ठेवावी लागली तर पैशांचं काय? कोणी पडून हात मोडला तर इन्शुरन्स कोणाचा? एकदा मला "ते सगळं बघून घेऊ हो" असं प्रेमाने सांगितलं गेलं, आणि नंतर बघून मलाच घ्यावं लागलं. लेखी घ्या.

आणि कठड्याची दारं नीट बघा. दार बर्फाच्या बाजूला उघडणारं नको, वेगात येणारा माणूस त्यावर आदळतो. निदान दोन दारं हवीत.

बर्फ धरताना घाई नको

मॅट टाकून, पाइप जोडून, कठडा उभा करून झालं की पाणी सोडतात, आणि इथे प्रत्येक आयोजक अधीर होतो. शून्य डिग्रीच्या पाण्याचा शून्य डिग्रीचाच बर्फ करायचा तरी त्यातून तेवढी उष्णता काढावी लागते जेवढी तेच पाणी ऐंशी डिग्रीपर्यंत तापवायला लागते. म्हणजे नऊ टन पाणी जवळजवळ उकळीला आणण्याइतकं काम, फक्त उलट दिशेने. म्हणून पातळ पातळ थर फवारत जातात, एक गोठला की दुसरा, आणि यात एक-दोन दिवस सहज जातात. एकदम पाणी ओतलं तर गोठायला वेळ जास्त लागतो आणि हवेचे बुडबुडे, भेगा राहतात त्या वेगळ्याच. खालचे काळे पाइप झाकायला आणि ऊन परतवायला मधे एक पांढऱ्या रंगाचा थर देतात, तो नको म्हणून पैसे वाचवू नका. उद्घाटन शनिवारी असेल तर बर्फ गुरुवारी रात्री तयार हवा असं ठरवा, कारण शुक्रवार तुमचा आहे. रिंक रिकामी, बघायला कोणी नाही, शिकायला याहून चांगला दिवस मिळणार नाही.

आता शिका

सुरुवात बुटांपासून. पायमोजा एकच आणि पातळ, दोन जाड मोजे घातले की पाय आत हलतो. टाच जमिनीवर आपटून मागे सरकवा आणि मगच लेस ओढा. बोटांकडे सैल, मधे घोट्याच्या वळणावर जेवढं ओढवेल तेवढं घट्ट, अगदी वर परत एक बोट जाईल इतपत सैल. उभे राहून गुडघे वाकवा, टाच आत उचलली गेली तर परत सोडून बांधा, किंवा एक नंबर लहान मागा. "माझे घोटे कमजोर आहेत, पाय आत वळतात" हे मी शंभर वेळा ऐकलंय आणि बहुतेक वेळा बूट मोठा असतो.

ब्लेड सुरीसारखं एका धारेचं नसतं. उलटं करून बघा, खालच्या बाजूला लांबीभर एक उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन काठांना दोन धारा, एक आतली, एक बाहेरची. स्केटिंगमधलं वळणं, ढकलणं, थांबणं सगळं या दोन धारांवर चालतं. नख धारेवर आडवं हलकेच ओढा, थोडासा कीस निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर ते स्केट्स परत द्या आणि दुसरे घ्या. लाजू नका, बोथट ब्लेडवर चांगला येणारासुद्धा पडतो.

लांब पँट, हातमोजे, हेल्मेट. गळ्यात लोंबणारं काही नको. फोन मागच्या खिशात नको, कारण पहिला आघात तिथेच होतो.

बर्फावर जायच्या आधी रबरी मॅटवर जागच्या जागी पाय उचलून पन्नास पावलं टाका, गुडघे वाकवून. मग दारातून बर्फावर या, कठडा धरा, आणि पहिलं काम, पडून बघा. खरंच. गुडघे वाकवत खाली बसा, एका बाजूच्या कुल्ल्यावर कलंडा, हात पोटाशी, मुठी मिटलेल्या, हनुवटी छातीकडे. मागे सरळ पडायचं नाही आणि हात टेकून पडणं अडवायचं नाही, मनगटं तशीच मोडतात. खाली असताना बोटं बर्फावर पसरून ठेवू नका, मागून ब्लेड येतं. उठताना आधी गुडघ्यांवर या, एक पाय दोन हातांच्या मधे ठेवा, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर दाबा आणि वर या. तीन-चार वेळा केलंत की भीती निम्मी होते. स्केटिंग करणाऱ्यांची म्हणून जी संत मानली जाते ना, नेदरलँड्समधली लिडविना, चौदाव्या शतकाच्या शेवटी तिची गोष्ट सुरू होते तीच बर्फावर पडून बरगडी मोडल्यापासून, तेव्हा पडण्याला कमी लेखू नका.

आता कठडा सोडायचा. पाच मिनिटं धरा, नंतर हाताच्या अंतरावर या. कठड्याला लोंबकळलं की शरीर एका बाजूला झुकतं, पाय दुसऱ्या बाजूला निसटतात आणि तुम्हाला वाटतं बर्फ फार निसरडा आहे. टाचा जवळ, बोटं बाहेर, बदकासारखं उभं राहा आणि छोटी छोटी पावलं उचला. पाय ढकलायचे नाहीत, नुसते उचलून ठेवायचे, पुढे आपोआप सरकता. आठ-दहा पावलांनी दोन्ही पाय समांतर ठेवा आणि काही करू नका. जेवढं सरकाल तेवढं सरका. हे पहिलं घसरणं असतं, आणि इथे प्रत्येक जण दचकून ताठ होतो आणि मागे रेलतो. तेव्हा उलट करा, गुडघे अजून वाका, हात पुढे कमरेच्या उंचीवर, टेबलावर ठेवल्यासारखे, आणि नजर समोरच्या कठड्यावर. पायांकडे बघितलं की डोकं खाली, कंबर मागे आणि गेलात.

या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, गुडघे. शिकवताना मी कोणाला दुसरं काही सांगत नाही पहिली वीस मिनिटं. उभं राहिल्यावर खाली बघितलं तर गुडघ्याआड बुटाचं टोक झाकलं गेलं पाहिजे, एवढं वाकायचं. मांड्या भरून येतात, येऊ द्या. बुटाची जीभ नडगीला दाबली जातेय असं जाणवलं पाहिजे, ती दाबली जात नसेल तर तुम्ही वाकला नाहीत, नुसते पुढे झुकलात.

मग ढकल. नवखे लोक चालल्यासारखं मागे ढकलतात, ब्लेड मागे नुसतं घसरतं आणि फिगर स्केट असेल तर पुढचे दाते अडकून तोंडावर येतात. ढकलायचं बाजूला, आतल्या धारेने, किंचित मागे. ढकललेला पाय परत दुसऱ्याच्या शेजारी आणून ठेवायचा, तेव्हाच पुढची ढकल. याच्या जोडीला एक व्यायाम करा, टाचा जुळवून बोटं बाहेर, दोन्ही पाय बाजूला जाऊ द्या, मग बोटं आत वळवून परत जवळ आणा. बर्फावर माशासारखा आकार उमटतो. एका ओळीत सहा मासे काढता आले की पाय तुमचं ऐकायला लागले असं समजा.

थांबणं खरं तर याच्या आधी शिकवायला हवं, पण वेग असल्याशिवाय थांबायचं कशाला हे लोकांना पटत नाही, कठड्यावर आदळणं हाच त्यांचा ब्रेक असतो. कठडा धरून उभे राहा आणि एक पाय बाजूला असा ढकला की ब्लेड बर्फ खरवडेल, किसणीवर नारळ खवल्यासारखा पांढरा चुरा पडला पाहिजे. चुरा पडत नसेल तर ब्लेड फार कललंय, सरळ करा. तो चुरा पाडायचा दाब पायाला कळला की हळू सरकत असताना बोटं थोडी आत आणि टाचा बाहेर रेटा, गुडघे वाकलेले, थांबता. मला हे जमायला पूर्ण दुपार लागली आणि माझ्यासमोर एका सात वर्षांच्या मुलीने ते तिसऱ्या खेपेला केलं. लहान मुलांचं पडणं कमी उंचीवरून असतं, त्यांना फरक पडत नाही.

एका पायावर सरकणं, वळणं, उलटं जाणं हे पुढच्या सेशन्सचं. वळताना एवढंच लक्षात ठेवा की आधी डोकं, मग खांदे, मग पाय. आणि तळव्यात पेटके आले तर घाबरू नका, बुटात बोटं आवळून धरलीत म्हणून येतात. एकदम तीन तास करण्यापेक्षा अर्धा-अर्धा तास दोन-तीनदा करा.

बर्फ निसरडा का, हे कोणी विचारलं तर "ब्लेडच्या दाबाने वितळतो" असं सांगतात, शाळेतही शिकवतात. दाबाने तेवढं काही वितळत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच एक अतिशय पातळ, पाण्यासारखा सैल थर असतो, हे मायकल फॅरडेने १८५० मधेच सुचवलं होतं. भर त्यात घर्षणाची.

चालवताना

पंचेचाळीस मिनिटं सेशन, पंधरा मिनिटं साफसफाई, हा बेत मोडू नका. चुरा खरवडून काढायचा आणि मग गरम पाण्याचा पातळ थर द्यायचा, गरमच, कारण ते वरचा थर थोडा वितळवून त्यात मुरतं आणि त्यात हवा कमी असल्यामुळे बर्फ काचेसारखा धरतो. मोठ्या रिंकवर हे काम करणारं यंत्र फ्रँक झांबोनीने १९४९ मधे कॅलिफोर्नियात बनवलं, तुमच्या साइजला हातगाडीसारखं छोटं यंत्र किंवा खरवडणी आणि होज पाइप पुरतो.

सगळे एकाच दिशेला फिरतील असं बघा, बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या उलट असतं. स्केट्सवर नीट उभे राहणारे निदान दोन मार्शल हवेत, ओळखू येणाऱ्या जॅकेटमधे, शिट्टीसकट. एकमेकांचे हात धरून चौघांची साखळी नको, आणि मूल कडेवर घेऊन बर्फावर कोणालाही सोडू नका, वडील कितीही म्हणाले "मला येतं हो" तरी. मुलांसाठी पेंग्विनच्या आकाराच्या ढकलगाड्या मिळतात, चांगल्या आहेत, पण दहा मिनिटांनी काढून घ्या, नाहीतर मूल कमरेतून वाकून तीच ढकलत राहतं. बूट परत आले की आतून जंतुनाशक आणि वाळवणं, ब्लेड कोरड्या फडक्याने पुसणं. प्रथमोपचाराच्या पेटीत स्प्लिंट आणि मोठं बँडेज ठेवा, मनगटासाठी.

काढताना

याचा विचार कोणीच करत नाही. चिलर बंद केला की नऊ टन बर्फ एका रात्रीत नाहीसा होत नाही. तो फोडून काढावा लागतो, आणि फोडणाऱ्याने जोरात कुदळ घातली तर खालची मॅट फाटते आणि ग्लायकॉल बाहेर. साधारण असं करतात की पाइपांतून कोमट पाणी फिरवून बर्फ खालून सुटा करायचा, मग तुकडे उचलायचे. ते टाकायचे कुठे हे आधी ठरवा. गटाराच्या जाळीवर ढीग केलात तर तो तिथेच घट्ट बसतो, जाळी बुजते आणि वितळलेलं सगळं पाणी मैदानात पसरतं. मी ढीग केला होता तिथे चौथ्या दिवशीही एक मळकट टेकडी उभी होती आणि जागेचा मालक रोज सकाळी तिचा फोटो मला पाठवत होता.

मॅट गुंडाळायच्या आधी कंपनीच्या माणसाला समोर उभं करून प्रत्येक मॅटचे, कठड्याच्या प्रत्येक तुकड्याचे आणि स्केट्सच्या खोक्यांचे फोटो काढा, मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या, आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत ते फोटो डिलीट करू नका.